काटकसरीने विकत घेतलेले स्वातंत्र्य

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते बेंजामिन फ्रँकलिन त्या देशाचे कधीही राष्ट्राध्यक्ष नव्हते. मुद्रक, पत्रकार, शास्त्रज्ञ, मुत्सद्दी अशा अनेक नात्यांनी जग त्यांना ओळखते. आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच, हे पतंगाच्या साह्याने दाखवणारा संशोधक म्हणून शाळेतल्या मुलांनाही त्यांचे नाव ठाऊक असते. मात्र या साऱ्या कर्तृत्वामागची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वयाच्या ४२व्या वर्षी फ्रँकलिन यांनी पोटापाण्याचा उद्योग थांबवला. पुढची ४२ वर्षे ते विज्ञानासाठी, शहरासाठी आणि देशासाठी जगले. तेवढी सवड त्यांना वारशाने मिळाली नव्हती. ती त्यांनी तरुणपणी पै पै वाचवून मिळवली होती.

शिट्टीची किंमत

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन शहरात झाला. वडील जोसाया इंग्लंडमधून आलेले. चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण करून विकणे हा त्यांचा धंदा. दोन बायकांपासून त्यांना १७ अपत्ये झाली. बेंजामिन त्यातला पंधरावा, आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. एवढ्या खटल्याच्या घरात शिक्षणाची चैन परवडणारी नव्हती. जेमतेम दोन वर्षे शाळेत काढल्यावर दहाव्या वर्षी बेंजामिन वडिलांच्या हाताखाली मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला.

त्याच्या सातव्या वर्षीची एक हकिगत त्याने पुढे म्हातारपणी, १७७९ साली, फ्रान्समधल्या एका मैत्रिणीला लिहून कळवली. सणाच्या दिवशी आप्तेष्टांनी त्याचा खिसा तांब्याच्या नाण्यांनी भरला. खेळण्यांच्या दुकानाकडे जाताना वाटेत एका मुलाच्या हातात शिट्टी दिसली. तिच्या आवाजावर भाळून त्याने खिशातले सारे पैसे देऊन टाकले आणि ती घेतली. घरभर शिट्टी फुंकत फिरताना भावंडांनी किंमत विचारली, तेव्हा कळले की चौपट पैसे मोजले गेले होते. उरलेल्या पैशांत काय काय घेता आले असते, याची यादी भावंडांनी ऐकवली आणि मुलगा रडू लागला. त्या दिवसापासून प्रत्येक खरेदीच्या वेळी ही शिट्टी त्याच्या मनात वाजत राहिली. वस्तू हवी की नको, यापेक्षा तिच्यासाठी नेमके काय द्यावे लागते, हा प्रश्न त्याच्या पुढच्या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी होता.

उमेदवारीतली बचत

मेणबत्त्यांत मुलाचे मन रमत नाही, हे ओळखून वडिलांनी १७१८ साली त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. मजुरी मिळायची ती फक्त शेवटच्या वर्षी. तोवर केवळ अन्न आणि निवारा. हातात पैसा नाही आणि पुस्तकांचे वेड मात्र जबर, अशी ही अवस्था होती.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाकाहाराचा पुरस्कार करणारे एक पुस्तक त्याच्या वाचनात आले. जेम्स उमेदवारांच्या जेवणासाठी दुसऱ्या कुटुंबाला पैसे देत असे. बेंजामिनने त्याला सांगितले, की त्या रकमेतील निम्मे पैसे माझ्या हाती द्या, मी माझे जेवण बघून घेईन. भावाने आनंदाने होकार दिला. पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाणी एवढ्यावर दुपार भागू लागली. मिळालेल्या निम्म्या रकमेतूनही निम्मी उरू लागली, आणि ती पुस्तकांत जाऊ लागली. शिवाय बाकीचे जेवायला बाहेर गेले की छापखान्यात निवांतपणा मिळे. त्या वेळेत त्याने शाळेत दोनदा नापास झालेले गणित स्वतःच पुरे केले. पैसे वाचवले की वेळही वाचतो, हा धडा त्याला येथेच मिळाला.

भावाशी पटेनासे झाल्यावर १७२३ साली तो बोस्टनहून पळाला आणि न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियाला पोहोचला. वय १७. खिशात एक डच डॉलर आणि शिलिंगभर तांब्याची नाणी. नाण्यांतील शिलिंग नावाड्यांना दिले. बेकरीत तीन पेन्सचा पाव मागितला तर तीन भलेमोठे पाव हाती आले. एक खाल्ला, उरलेले दोन नावेतल्या एका स्त्रीला आणि तिच्या मुलाला देऊन टाकले.

लंडनचे धडे

काटकसर मात्र स्वभावातच होती आणि चुका झाल्याच नाहीत, असे नव्हे. एका ओळखीच्या गृहस्थाची सुमारे ३५ पौंडांची वसुली त्याच्याकडे सोपवलेली होती. कॉलिन्स नावाच्या व्यसनी मित्राला उसने देण्यात त्याने त्या ठेवीला हात घातला. मित्राने पैसे कधीच परत केले नाहीत. दुसऱ्याची ठेव मोडल्याची ही टोचणी त्याला कित्येक वर्षे पुरली. पुढे ऐपत आल्यावर त्याने मुद्दल व्याजासकट फेडली आणि आत्मचरित्रात आपल्या आयुष्यातील मोठ्या चुकांत तिची नोंद केली.

१७२४च्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरच्या आश्वासनावर विसंबून तो छपाईचे साहित्य आणण्यासाठी लंडनला गेला. गव्हर्नरने देऊ केलेली पतपत्रे प्रत्यक्षात लिहिलीच गेली नव्हती. परक्या शहरात अडकलेल्या या तरुणाने तिथल्या छापखान्यांत नोकरी धरली. तिथले कामगार अंगात ताकद राहावी म्हणून दिवसाकाठी सहा सहा पाइंट बिअर पीत. फ्रँकलिन फक्त पाणी पिई, आणि इतर जण दोन हातांनी खिळ्यांची एक जड चौकट जिन्यावरून नेत, तेव्हा तो दोन हातांत दोन नेई. दर शनिवारी पगारातून बिअरपायी चार-पाच शिलिंग कापले जात. हे कामगार त्यामुळे सदैव तळाशीच राहत. कष्ट त्यांचे कमी नव्हते. शनिवारी येणारा पैसा पुढच्या शनिवारपर्यंत टिकत नव्हता, एवढेच.

तो स्वतःही लंडनमध्ये फारसे जमवू शकला नाही. नाटके आणि करमणूक यांत पैसे गेले आणि आणखी एका मित्राला दिलेले सुमारे २७ पौंड बुडाले. १७२६ साली डेनहॅम नावाच्या व्यापाऱ्याबरोबर तो परत निघाला. या डेनहॅमची गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली होती. इंग्लंडमध्ये दिवाळे निघाल्यावर डेनहॅम सावकारांशी तडजोड करून अमेरिकेत गेला, तिथे कष्टाने संपत्ती मिळवली आणि परत येऊन जुन्या सावकारांना जेवायला बोलावले. पाहुण्यांनी पहिली ताटली उचलली, तर प्रत्येकाच्या ताटलीखाली उरलेली सगळी रक्कम व्याजासह चुकती करणारी चिठ्ठी होती. परतीच्या प्रवासात फ्रँकलिनने आपल्या वर्तनाचे नियम लिहून काढले. देणे फिटेपर्यंत अत्यंत काटकसरीने राहायचे, हा त्यातला एक होता.

पत हीच पुंजी

१७२८ मध्ये मेरेडिथ नावाच्या भागीदाराबरोबर फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात स्वतःचा छापखाना थाटला. भांडवल भागीदाराच्या वडिलांचे होते. त्यांना दुसरा शंभर पौंडांचा हप्ता देता आला नाही आणि यंत्रसामग्री विकणाऱ्याने दावा ठोकला. धंदा बुडण्याच्या बेतात असताना दोन मित्र, एकमेकांना न कळता, स्वतंत्रपणे मदतीला आले. एकाचेच पैसे घेतले तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून फ्रँकलिन यांनी दोघांकडून निम्मी निम्मी रक्कम घेतली. मेरेडिथला तीस पौंड आणि घोड्याचे एक नवे खोगीर हवे होते. ते देऊन आणि त्याच्या वडिलांचे पैसे फेडण्याची हमी घेऊन ते १७३० मध्ये धंद्याचे एकटे मालक झाले.

या मित्रांनी पैसे कशाच्या तारणावर दिले? तारण होते ते माणसाच्या वागणुकीचे. जुळवलेली दोन पाने एकदा रात्री अपघाताने विस्कटली, तेव्हा झोपण्यापूर्वी ती पुन्हा जुळवूनच फ्रँकलिन उठले. इतर लोक क्लबातून घरी परतताना त्यांना कामात पाहत आणि सकाळी शेजारी उठण्यापूर्वी ते पुन्हा कामाला लागलेले असत. ही गोष्ट व्यापाऱ्यांत चर्चिली जाऊ लागली. ते साधे कपडे घालत, रिकामटेकड्या करमणुकीच्या ठिकाणी दिसत नसत, शिकारीला किंवा मासे धरायला जात नसत. विकत घेतलेला कागद ते कधी कधी एकचाकी हातगाडीवर घालून भर रस्त्यातून स्वतः ढकलत आणत. आपण कष्टाळू आणि काटकसरी आहोत एवढेच पुरेसे नाही, तसे दिसलेही पाहिजे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यात थोडा देखावा होता. पण देखाव्यामागे माल खरा होता. व्यापारी त्यांना उधारीवर सामान देऊ लागले आणि गिऱ्हाईक वाढले. त्याच काळात भपक्याने राहणारे त्यांचे प्रतिस्पर्धी कर्जात बुडाले.

१७३० च्या सप्टेंबरात डेबोरा रीड त्यांच्या आयुष्यात पत्नी म्हणून आल्या. फ्रँकलिन यांच्या संपत्तीत या बाईंचा वाटा मोठा होता. पुस्तिकांच्या घड्या घालणे, त्या शिवणे, दुकान सांभाळणे, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेणे ही कामे त्या करीत. घरात बिनकामाचे नोकर नव्हते, सामान स्वस्तातले होते. न्याहारीला चहाऐवजी दूध आणि पाव असे. वाडगा दोन पेन्सचा मातीचा आणि चमचा कथलाचा. एका सकाळी मात्र न्याहारी चिनी मातीच्या वाडग्यात, चांदीच्या चमच्यासह समोर आली. डेबोरा यांनी २३ शिलिंग खर्चून ती खरेदी केली होती, आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते, की शेजाऱ्यांच्या घरी असते तर आपल्या नवऱ्यालाही ते शोभते. घरात शिरलेली ही पहिली चैन. पुढे ऐपतीबरोबर चांदी आणि चिनी मातीची भांडी काहीशे पौंडांच्या किमतीची झाली, हेही फ्रँकलिन यांनी लपवलेले नाही. मात्र आधी मिळकत वाढली आणि खर्च तिच्या मागून आला, हा क्रम घरात मोडला नाही.

नफ्याचे बियाणे

नुसत्या बचतीने माणूस कर्जमुक्त होतो, श्रीमंत होतोच असे नाही. उरलेला पैसा फ्रँकलिन यांनी पेटीत ठेवला नाही. १७२९ मध्ये त्यांनी 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हे डबघाईला आलेले वृत्तपत्र घेतले आणि नावारूपाला आणले. १७३२च्या अखेरीस 'पुअर रिचर्ड' हे पंचांगवजा वार्षिक सुरू केले. ते सुमारे पंचवीस वर्षे चालले आणि दरसाल दहा हजारांच्या आसपास प्रती खपल्या. त्यातल्या मोकळ्या जागा त्यांनी उद्योग आणि काटकसर यांवरच्या म्हणींनी भरल्या. ज्या घरांत दुसरे पुस्तक क्वचितच येई, तिथे हे पंचांग पोहोचत होते.

त्यांची खरी व्यावसायिक युक्ती भागीदारीची होती. आपल्या हाताखाली तयार झालेल्या होतकरू कारागिराला ते दुसऱ्या वसाहतीत पाठवत. छापयंत्र आणि खिळे त्यांचे, मेहनत कारागिराची. खर्चाचा एक तृतीयांश ते सोसत आणि नफ्याचा एक तृतीयांश घेत. सहा वर्षांची मुदत संपली की कारागिराने यंत्र विकत घेऊन स्वतंत्र व्हावे. १७३१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे त्यांनी पहिली अशी भागीदारी केली. तिथल्या दुसऱ्या भागीदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, एलिझाबेथ टिमोथी यांनी, नवऱ्यापेक्षा चोख हिशेब ठेवला, मुलाबाळांचा सांभाळ केला आणि मुदतीअखेर छापखाना विकत घेतला. मुलींना नृत्य-संगीताइतकेच, किंबहुना त्याहून आधी, जमाखर्च शिकवला पाहिजे, असे मत फ्रँकलिन यांनी या अनुभवावरून नोंदवले.

बचत एकत्र केली तर काय होते, हेही त्यांनी दाखवले. १७३१ साली ५० वर्गणीदारांनी सुरुवातीला ४० शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग देऊन त्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालय उभे केले. एकट्याला न परवडणारी पुस्तके त्यामुळे सुतार आणि चांभार यांच्याही हाती आली.

पुरे म्हणण्याचे धैर्य

१७४८ मध्ये, धंदा भरभराटीला असताना, फ्रँकलिन यांनी छापखाना आपले हुशार सहकारी डेव्हिड हॉल यांच्या हाती सोपवला. करार १८ वर्षांचा होता. काम हॉल यांचे आणि नफ्यात निम्मा वाटा फ्रँकलिन यांचा. आणखी वीस वर्षे स्वतः राबून ते कदाचित अनेक पटींनी श्रीमंत झाले असते. पण घरखर्च त्यांनी आधीच आवाक्यात ठेवला होता, म्हणून पुरेसे किती, हे त्यांना सांगता येत होते. ज्याचा खर्च मिळकतीबरोबर धावतो, त्याला तो आकडा कधीच सापडत नाही.

पुढच्या चार वर्षांतच, १७५२ साली, पतंगाचा प्रयोग झाला आणि १७५३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. कमी लाकडात जास्त ऊब देणारी शेगडी त्यांनी बनवली होती. तिचे एकाधिकारपत्र गव्हर्नर देऊ करीत असताना त्यांनी नाकारले. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही लोकांना मोकळा मिळावा, ही त्यामागची भूमिका होती. उपजीविकेची विवंचना असलेल्या माणसाला असा नकार देणे जड गेले असते.

चित्राची दुसरी बाजू

फ्रँकलिन यांना काटकसरीचे दैवत बनवणाऱ्यांनी या चित्राची दुसरी बाजूही पाहावी. त्यांच्या घरात गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. त्या पैशाने त्यांच्या संपत्तीत भर पडली. अखेरच्या वर्षांत ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये गुलामगिरीच्या अंतासाठी काँग्रेसकडे अर्ज केला, हेही तितकेच खरे. लंडनमधल्या दीर्घ वास्तव्यात ते डेबोरा यांच्यापासून वर्षानुवर्षे दूर राहिले. १७७४ मध्ये त्या वारल्या, तेव्हाही ते सोबत नव्हते. १७७९ मध्ये मुलीने फ्रान्सहून झालर आणि पिसे मागवली, तर युद्धाच्या काळात ही चैन कशाला, असे तिला ऐकवणाऱ्या या वडिलांच्या पॅरिसजवळच्या तळघरात हजारांहून अधिक बाटल्या मद्य होते. काटकसरीचे नियम दुसऱ्याला लावणे त्यांनाही सोपे गेले.

दोनशे वर्षांचे मृत्युपत्र

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४व्या वर्षी, फ्रँकलिन यांचे फिलाडेल्फियात निधन झाले. मृत्युपत्राला आदल्या वर्षी जोडलेल्या पुरवणीत त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्ष म्हणून मिळालेला पगार त्यांना स्वतःसाठी वापरायचा नव्हता. त्यातून ही देणगी आली. अटी बारकाईने लिहिल्या होत्या. उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना धंदा सुरू करण्यासाठी या रकमेतून १५ ते ६० पौंडांचे कर्ज द्यायचे. व्याज पाच टक्के, दोन सज्जन जामीन, आणि दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा परत. शंभर वर्षांत चक्रवाढीने एक हजाराचे एक लाख ३१ हजार पौंड होतील. त्यातले एक लाख लोकोपयोगी कामांवर खर्चावेत आणि उरलेले ३१ हजार आणखी शंभर वर्षे असेच फिरवावेत, म्हणजे अखेरीस चाळीस लाखांहून अधिक पौंड जमतील, असा त्यांचा हिशेब होता.

प्रत्यक्षात कागदावरचे गणित जसेच्या तसे उतरले नाही. काही कर्जे बुडाली. कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मागे पडली आणि या अटींत बसणारे तरुण मिळेनासे झाले. तरीही दोन्ही शहरांनी दोनशे वर्षे ती ठेव सांभाळली. १९९० च्या सुमारास मुदत पुरी झाली, तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे पन्नास लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाच्या निधीत वीस लाखांहून अधिक डॉलर होते. बोस्टनमध्ये पहिल्या शंभर वर्षांनंतरच्या रकमेतून एक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. १९०८ पासून तिथे कामगारांची मुले हातातले कसब शिकत आली आहेत.

ज्या दोन मित्रांनी १७३० मध्ये एका तरुण मुद्रकाला तारणाविना पैसे दिले, त्यांचे ऋण फ्रँकलिन यांनी अशा रीतीने अनोळखी कारागिरांच्या रूपाने फेडले. मातीच्या वाडग्यातल्या दूध-पावातून जे साठले, त्याने आधी पुस्तके आणली, मग कर्ज फेडले, मग धंदा वाढवला, मग माणसाला मोकळे केले. थेंबे थेंबे साचलेले तळे अखेर गावाच्या उपयोगी पडले.